वाचकांचे प्रश्न : धरून ठेवलेल्या धातूतला कार्बन जातो कुठे?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमची ५०० किलोची इंडक्शन भट्टी आहे, लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर) सिलिका रॅमिंग मासचं, म्हणजे ठोकून बसवलेल्या सिलिका पुडीचं. साचे तयार नव्हते म्हणून वितळलेला धातू (बीड, म्हणजे ओतीव लोखंड) १५२०° सेल्सिअसला अर्धा तास धरून ठेवला. स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) कार्बन ३.४० टक्क्यांवरून ३.२८ वर उतरला, सिलिकॉन १.९० वरून २.०३ वर चढलं. फेरोसिलिकॉन (लोखंड-सिलिकॉनचा मिश्रधातू) घातलंच नव्हतं. मशीन चुकतंय का?

उत्तर : मशीन बरोबर आहे. ते सिलिकॉन तुमच्या लायनिंगमधून आलंय. तापलेल्या धातूतला कार्बन सिलिकातला (सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगातला) ऑक्सिजन ओढून घेतो आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन उडून जातो. सुटं झालेलं सिलिकॉन धातूत उतरतं. २४ भाग कार्बन गेला की २८ भाग सिलिकॉन येतं. तुमचा ०.१२ टक्के कार्बन गेला, म्हणजे ०.१४ टक्के सिलिकॉन यायला हवं, आलंय ०.१३. हिशेब जुळतो.

नुसती वाळू आणि कोळसा घेतला तर यासाठी साधारण १६५०° च्या वर जावं लागतं. लोखंडात मात्र हे खूप खाली घडतं, कारण लोखंडाला सिलिकॉनची ओढ फार. शुद्ध लोखंडात थोडं सिलिकॉन विरलेलं असेल तर १६००° ला त्याचा सक्रियता गुणांक (शुद्ध सिलिकॉनच्या मानाने ते किती मोकळेपणी वागतं याचं माप) जेमतेम ०.००१३ भरतो. तयार होणारं सिलिकॉन लोखंड लगेच सामावून घेतं, म्हणून क्रिया पुढे सरकत राहते. तुमच्या धातूसाठी तोल साधणारं तापमान (जिथे क्रिया ना पुढे जाते ना मागे) १४२०° च्या आसपास येतं. त्याखाली उलटं होतं : सिलिकॉन जळतं आणि पृष्ठभागावर मळीची साय धरते. तोलाच्या बरंच वर गेलात की ती साय फाटते, धातू आरशासारखा दिसतो आणि भिंतीच्या कडेने बारीक बुडबुडे येतात. ते दिसले की लायनिंग झिजतंय असं समजा.

खरं नुकसान पुढे होतं. कार्बन तुल्यांक (कार्बन अधिक सिलिकॉनचा एक तृतीयांश) ४.०३ वरून ३.९६ वर येतो, त्यात जास्त तापल्याने ग्रॅफाइटची बीजंही नाहीशी होतात. मग पातळ कडा पांढऱ्या पडतात (कार्बन ग्रॅफाइट न होता कठीण कार्बाइड होतो) आणि मशीनिंगला टूल तुटतं. सिलिकॉन वाढलंय म्हणून निर्धास्त राहू नका.

वाट पाहायची असेल तर धातू १४०० ते १४२०° ला धरा आणि ओतण्याआधी थोडाच वेळ वर न्या. आत्ताचा कार्बन भरून काढायला निव्वळ ६०० ग्रॅम लागेल. ८० टक्के उतारा (धातूत खरोखर विरणारा भाग) धरला तर ७५० ग्रॅम कार्बुरायझर, म्हणजे कार्बन वाढवणारी पूड. मळी पूर्ण काढा, नाहीतर तो मळीतच अडकून जळेल. सिलिकॉन कार्बनची विद्राव्यता कमी करतं, म्हणून नव्या चार्जमध्ये कार्बन आधी, फेरोसिलिकॉन नंतर. लॅडलमध्ये (ओतण्याच्या बादलीत) ०.३ टक्के ७५ ग्रेडचं (७५ टक्के सिलिकॉनचं) फेरोसिलिकॉन इनॉक्युलंट, म्हणजे ग्रॅफाइटला बीजं देणारी भर, टाकलं तर सिलिकॉन आणखी ०.२ टक्के वाढेल. तेवढं भट्टीतच कमी ठेवा. ओतण्याआधी चिल वेज (पांढरेपणा तपासायचा पाचरीसारखा नमुना) फोडून पाहायला विसरू नका.

प्रश्न : साताऱ्यात ५० ग्रेडचं फेरोसिलिकॉन स्वस्त मिळतं. ७५ ऐवजी तेच दीडपट घातलं तर चालेल?

उत्तर : रसायनाच्या दृष्टीने चालेल, उष्णतेच्या दृष्टीने महागात पडेल. सिलिकॉन लोखंडात विरताना उष्णता बाहेर पडते. ७५ ग्रेडमध्ये बरंच सिलिकॉन मोकळं असतं. त्याची उष्णता खडा तापवून वितळवायला पुरते, वर थोडी उरतेही. ५० ग्रेडमध्ये जवळजवळ सगळं सिलिकॉन आधीच लोखंडाशी बांधलेलं असतं, म्हणजे ही उष्णता मिश्रधातू बनवतानाच निघून गेलेली असते. शिवाय त्यातलं लोखंड वितळवायचा भार वेगळाच. एका टनात अर्धा टक्का सिलिकॉन वाढवायला ७५ ग्रेड ६.७ किलो लागेल, ५० ग्रेड १० किलो, आणि धातू थंड होईल. भट्टीत वीज हाताशी असते, तिथे हे निभावतं. लॅडलमध्ये मात्र ७५ च वापरा.

साठवण कोरडी ठेवा. ५० च्या आसपासचा माल ओलाव्याने भुगा होतो आणि त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. पावसाळ्यात पिंप बंद खोलीत ठेवू नका. हवा खेळती हवी.