बारावीनंतर ॲम्ब्युलन्सवर पॅरामेडिक व्हायचं आहे, आतापासून काय तयारी करू?

बारावीत आहेस, म्हणून 'तू'च म्हणतो. सात वर्षं झाली, मी सातारा भागात एका खासगी रुग्णालयाच्या कार्डियाक ॲम्ब्युलन्सवर आहे.

आधी नावाचा घोळ समजून घे. आपल्याकडे 'पॅरामेडिकल'मध्ये लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस असं सगळंच येतं. मी पाटी बघून एका संस्थेत फी भरली आणि चार महिने रक्ताच्या स्लाइड रंगवल्यावर कळलं, ॲम्ब्युलन्सचा इथे संबंधच नाही. फी बुडाली. तू अभ्यासक्रमाच्या नावात 'इमर्जन्सी' शब्द आहे का ते बघ आणि कॅज्युअल्टीत (रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात), गाडीवर प्रत्यक्ष किती तास उभं करणार ते तोंडावर विचार. 2021 च्या केंद्रीय कायद्याने इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट (म्हणजेच पॅरामेडिक) हा व्यवसाय यादीत घेतलाय, आणि त्या कायद्यात पदविकेलाही किमान दोन वर्षं आणि 2000 तास लागतात. सहा महिन्यांत पॅरामेडिक करून देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार कर.

दुसरं, महाराष्ट्रातली 108 सेवा 2014 ला सुरू झाली तीच गाडीवर डॉक्टर ठेवून. बहुतेक बीएएमएस, बीएचएमएस झालेले असतात. गुजरात, तेलंगणात त्या जागी ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) असतो आणि डॉक्टर फोनवर. त्यामुळे इथे आपल्याला नोकरी मिळते ती मुख्यतः खासगी रुग्णालयांत, कॅज्युअल्टीत, कारखान्यांच्या गाड्यांवर. सुरुवातीचा पगार बेताचाच, घरच्यांना आधीच सांगून ठेव.

आता तयारी. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबणं, आजपासून शीक. मिनिटाला 100 ते 120 दाब, छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली जायला हवी. वाचायला सोपं वाटतं, पण दोन मिनिटांत हात ढिले पडतात आणि ते आपल्याला कळतही नाही. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलतात. जिमपेक्षा जिने चढ. नव्वद किलोचा पेशंट वाड्याच्या अरुंद जिन्यावरून खुर्चीत बसवून उतरवायचा असतो, तेव्हा दंड नाही, मांड्या आणि कंबर लागते.

पण मी सगळ्यात उघडा पडलो तो भाषेत. मी शहरात वाढलेला. नवा असताना एका बाईंना त्यांच्या घरच्यांनी वाटेत आमच्या गाडीत आणून घातलं. नवरा एवढंच म्हणत होता, "रानात पान लागलंय हिला." मी विचारतोय कसलं पान, खाल्लं का, अंगाला लागलं का, खाज येते का. आमचा पायलट (ड्रायव्हरला आम्ही पायलट म्हणतो) पुढून ओरडला, "अहो, साप चावलाय!" रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ते मला माहीतच नव्हतं. तोवर बाईंच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. ही नाग-मण्यारच्या विषाची खूण, पुढे श्वास बंद पडू शकतो. दंडाला करकचून बांधलेली दोरी होती. ती सोडताना विष एकदम चढू शकतं, म्हणून आधी सलाईन लावलं, ऑक्सिजन दिला, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी घेतली आणि रुग्णालयाला फोन करून सांगितलं, प्रतिविष आणि व्हेंटिलेटर तयार ठेवा. बाई वाचल्या. मी मात्र प्रश्न विचारण्यात पाच मिनिटं घालवली होती.

तेव्हा आजी-आजोबांशी बोल. 'साखरेची गोळी', 'रक्त पातळ व्हायची गोळी', 'जीव घाबरा होतोय', 'छातीत चमक भरली' यामागे काय असतं ते ऐकून ठेव. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांची नावं पाठ कर. पेशंटच्या घरी पोचल्यावर प्रिस्क्रिप्शन कधीच सापडत नाही, रिकामी पाकिटं तेवढी सापडतात.

आणि एक विचारायचं राहिलं, तुला गाडी लागते का? मागे आडवं बसून, खाली मान घालून सुई लावायची असते, आणि पसरणी घाट उतरताना पायलट पेशंटकडे बघून वेग ठरवतो, तुझ्याकडे बघून नाही. मी पहिले तीन महिने खिशात आल्याचे तुकडे ठेवायचो. आता लागत नाहीत, पण एक पुडी अजून गाडीत असते, नवीन पोरांसाठी.