अमेरिकेत पोलिसाने अडवलं तर गाडीतून उतरू नका

आईबाबांना घेऊन पहिल्यांदाच अमेरिकेला चाललात, गोळीबाराच्या बातम्यांनी आई धास्तावलीय आणि गाडी तुम्हालाच चालवायचीय. पोलिसांनी अडवलं तर काय करायचं, असा प्रश्न आहे. मी लालबागचा. बहिणीकडे न्यू जर्सीला चार-पाच फेऱ्या झाल्यात, आणि पहिल्याच फेरीत माती खाल्ली.

रात्री मागे लाल-निळे दिवे लागले. मी गाडी बाजूला घेतली आणि सवयीने दार उघडून उतरलो. दादर टीटीला शिट्टी वाजली की आपण तेच करतो ना? उतरायचं, जवळ जायचं, 'साहेब, जाऊ द्या ना'. तिथला साहेब अंगावर ओरडला, हात कमरेच्या पिस्तुलावर. भावोजी शेजारच्या सीटवरून किंचाळले, "आत बस आधी!" घरी पोचेपर्यंत माझे पाय लटपटत होते.

बंदूक बाळगायचा हक्क तिथे १७९१ पासून संविधानात आहे. त्यामुळे उतरणारा किंवा डॅशबोर्डच्या खणात हात घालणारा माणूस लायसन्स काढतोय की आणखी काही, हे त्या पोलिसाला कळत नाही. म्हणून इंजिन बंद, आतला दिवा चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर. कागद मागितले की कुठे आहेत ते आधी सांगायचं, मग हात हलवायचा. चिरीमिरीचं तर नावही काढू नका.

मला काळजी तुमच्यापेक्षा बाबांची वाटते. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसनला मुलाकडे आलेले एक गुजराती आजोबा घराबाहेर फेरफटका मारत होते. कुणीतरी पोलिसांना फोन केला. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, मणक्याला इजा होऊन अंग लुळं पडलं. तो पोलीस पुढे निर्दोष सुटला. बाबांना पत्ता आणि तुमचा नंबर लिहिलेलं कार्ड द्या, पण खिशात नको, गळ्यात अडकवा. खिशात हात घालणं हीच तर पंचाईत आहे.

पत्ता चुकला तर अनोळखी दार वाजवू नका, ज्यांच्याकडे जायचंय त्यांना फोन करा. १९९२ मध्ये लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूजला एक जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला निघाला आणि चुकीच्या घरी गेला. घरमालक 'फ्रीझ', म्हणजे 'आहेस तिथेच थांब', म्हणून ओरडला, पोरगा पुढे आला आणि गोळी लागून मेला.

आईंना एवढं सांगा: २०२१ मध्ये तिथे बंदुकीने सुमारे ४८,८०० माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. टीव्हीवर दिसतात ते मॉलमधले गोळीबार त्या आकड्यात फार थोडे.

मागे बहिणीचा अमेरिकन शेजारी मुंबईत आला होता. सीएसएमटीला वाळूच्या पोत्यांआड रायफल घेतलेला जवान बघून त्याचा चेहरा पडला. "आज इथे काही झालंय का?" मी म्हटलं, हो, कसारा फास्ट लेट आहे.