घड्याळ आईच्याच मनगटावर का?

प्रश्न : ताई, माझी आई पालिकेच्या ठेकेदाराकडे झाडूकाम करते. यंदा मुकादमानं सगळ्यांना जीपीएसची घड्याळं वाटली. बीट, म्हणजे झाडायला नेमून दिलेला पट्टा, सोडलं की खाडा लागतो. तिच्या बीटात बायकांसाठी मुतारी नाही, रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जावं लागतं आणि तेही बीटाबाहेर धरतात. म्हणून आई सकाळी पाणीच पीत नाही. घड्याळात कॅमेरा आहे म्हणे, म्हणून घरी चार्जिंगला लावलं की आम्ही त्यावर टॉवेल टाकतो. हे कायद्यात बसतं का?

उत्तर : आधी पाणी. खाड्यासाठी भांडता येतं, पण लघवीचा संसर्ग झाला तर औषधपाणी तिच्याच पदरचं. टॉवेल टाकता ते बरंच करता.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमतानं सांगितलं. पण २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याच्या कलम ७ नं नोकरीच्या कारणासाठी कामगाराची माहिती संमतीवाचून वापरायची मुभा मालकाला दिली आहे. त्यामुळे ‘आईला कुणी विचारलं नाही’ एवढ्यावर भागणार नाही. ड्यूटी संपल्यावर घरातलं बघणं-ऐकणं नोकरीच्या कारणात कसं बसतं, हे मात्र पालिकेला विचारता येईल.

नागपूर आणि चंदीगडच्या पालिकांनीही अशी घड्याळं बांधली. चंदीगडात कामगारांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं. तुमच्याकडे असं घड्याळ मुकादमाच्या, निरीक्षकाच्या हातात आहे का, बघ. पिढ्यान् पिढ्या ज्या जातींच्या हाती झाडू दिला, मनगटं त्यांचीच. हजेरीत चोरी होते, नाही असं नाही; पण खोटी नावं लावून पगार उचलणारे रस्ता झाडायला येत नाहीत.

आता पालिकेकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाक, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. घड्याळाच्या कंत्राटाची प्रत, माइक-कॅमेरा आहे का, माहिती कुणाकडे किती दिवस राहते आणि घड्याळावरून कुणाचा किती पगार कापला, एवढं माग. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाव मात्र आईचं नको, तुझंही नको, नाहीतर ठेकेदार तिला घरी बसवील. युनियनच्या एखाद्या पदाधिकाऱ्यानं सही करावी.

मुतारीचं निवेदन वॉर्ड ऑफिसात वेगळं दे : ते हॉटेल बीटाच्या हद्दीत धरा. त्याला ठरावबिराव लागत नाही. नकाशावरची बीटाची रेघ घड्याळाच्या कंपनीचा माणूस संगणकावर बसल्या बसल्या सरकवतो. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.