नर्सिंगच्या अर्जातला निबंध: घडलं तेच लिही

'लहानपणापासून सेवेची आवड' हे वाक्य आधी खोड, अगं. अर्जाअर्जांत ते असतंच. त्यापेक्षा स्वतः अनुभवलेला एकच प्रसंग घे. अंथरुणाला खिळलेल्या आजीची कूस बदलताना माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला, बोटानं दाबूनही तो पांढरा पडेना (पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची ही सुरुवात असू शकते) आणि तू घाबरलीस, असं घडलं असेल तर घाबरल्याचंही लिही. मग कुणाला विचारलंस, पुढे काय शिकलीस, हे सविस्तर येऊ दे. माझ्या मते निबंधाचा जीव तिथेच असतो.

नापास झालेला विषय लपवू नकोस. दोन ओळींत कारण सांग, पुरे. रुग्णाचं नाव मात्र कधीच नको. आणि न केलेलं काम लिहू नकोस, मुलाखतीत नेमकं त्यावरच विचारू शकतात.