‘नपुंसकत्व’ आणि ‘जमून नाही राहिलं’

नागपूरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न असा: “ह्यांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले. घरी सोडताना दिलेल्या कागदावर ‘नपुंसकत्व येण्याची शक्यता’ असं छापलं आहे. हे तो कागद कपाटात कपड्यांखाली ठेवतात. घरात तोंडातून काढता येईल असा दुसरा मराठी शब्द नाही का?”

आहे ताई, आणि तो तुमच्याच गावात रोज बोलला जातो. पण आधी छापील शब्दाचा समाचार घेऊ.

‘नपुंसक’ची जुनी फोड ‘ना स्त्री, ना पुरुष’ अशी आहे. म्हणजे हा शब्द आजार सांगत नाही, माणूस कोणत्या जातीत मोडतो ते सांगतो. त्याला ‘त्व’ लागलं की झालंच. मनुष्यत्व, गुरुत्व, वंध्यत्व: ‘त्व’ अंगाला चिकटतो, सकाळी आला नि संध्याकाळी गेला असं त्याचं नसतं. भाऊबंद शब्द तर आणखी वाईट. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला ‘क्लैब्य’ सोड म्हणतो, तिथे त्याचा रोख भित्रेपणावर आहे. ‘षंढ’ ही उघड शिवी. ‘नामर्द’ आपल्याकडे रेल्वेलाइनच्या भिंतींवर रंगवलेला असतो, खाली फोन नंबर. प्रोस्टेट या एका ग्रंथीची शस्त्रक्रिया झालेल्या माणसावर यातलं काहीच लादायचं कारण नाही. (गंमत म्हणजे मराठीत ‘पुरुषत्व’ आणि ‘पौरुष’ हे दोन्ही शब्द नपुंसकलिंगी आहेत. व्याकरणाला त्याची लाज वाटत नाही.)

इंग्रजीनेही हे भोगलंय. १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने ‘इम्पोटन्स’ बाजूला ठेवून ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’ (ताठरतेतला बिघाड) म्हणावं असं सुचवलं. पहिला शब्द माणसाला नालायक ठरवतो, दुसरा फक्त एक क्रिया बिघडल्याचं सांगतो. आपले कागद मात्र अजून पहिल्याचंच भाषांतर छापतात.

आता तुमच्या गावचा शब्द. माझा एक मित्र, बँकेतून निवृत्त झालेला. त्याच ऑपरेशननंतर धंतोलीत तपासणीला गेला तेव्हा मी सोबत होतो. टाके, लघवी, रक्ताचा रिपोर्ट सगळं बोलून झालं. उठता उठता दाराच्या कडीवर हात ठेवून तो म्हणाला, “बाकी सगळं ठीक आहे डॉक्टर, पण ते काही जमून नाही राहिलं.” डॉक्टरांनी पेन पुन्हा उघडलं. ‘ते’ म्हणजे काय, हे कुणीच विचारलं नाही.

पुण्याची मंडळी या ‘-ऊन राहिलं’ला हसतात. येऊन राहिलो, करून राहिला, पाऊस पडून राहिला. पण इथे बघा. ‘जमत नाही’ हा कायमचा निकालही असू शकतो. ‘जमून नाही राहिलं’मध्ये सध्याची गोष्ट आहे, पुढचं दार उघडं आहे. वैद्यकाच्या दृष्टीनेही हेच जास्त खरं. लिंगाला ताठरता आणणाऱ्या नसा प्रोस्टेटला अगदी लगटून जातात. त्या वाचवून ग्रंथी काढायची पद्धत पॅट्रिक वॉल्श या अमेरिकी सर्जनने १९८२ साली दाखवली, तरी वाचवलेल्या नसाही दुखावतात आणि सावरायला कधी दीड-दोन वर्षं घेतात. दोन्ही बाजूंच्या नसा काढाव्या लागल्या असतील तर आशा कमी. पण चौथ्या महिन्यात ‘त्व’ लावायची घाई कशाला?

छापील शब्दाचा दुसरा दोष असा की तो चार निरनिराळ्या गोष्टी एका पोत्यात भरतो. इच्छा, ताठरता, वीर्य आणि तृप्ती. ऑपरेशनमध्ये प्रोस्टेटबरोबर वीर्याशयही जातात, म्हणून वीर्य बाहेर येत नाही. तृप्ती मात्र येऊ शकते, ताठरता नसतानाही. इथे मराठी खरोखर अडते, कारण ‘स्खलन’ या एकाच शब्दात आपण दोन्ही कोंबतो. स्खलन म्हणजे घसरणं, ढळणं, भूस्खलनातलंच ते. आता काहीच ‘ढळत’ नाही, तरी सुख आहे, याला आपल्याकडे बोलीतला शब्द नाही. मी ‘कोरडी तृप्ती’ म्हणतो. कुणाला याहून बरा सुचला तर आनंदच. रेडिएशन घेतलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी, तिथे ताठरता सावकाश, काही वर्षांत उणावत जाते.

आणि हार्मोनचं इंजेक्शन चालू असेल तर ‘जमून नाही राहिलं’ हा शब्द चुकीचा ठरतो. तिथे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन मुद्दाम खाली आणलेलं असतं, त्यामुळे मुळात मनच होत नाही. मग डॉक्टरांना ‘मन नाही होऊन राहिलं’ असंच सांगावं. फरक शब्दाचा दिसतो, पण औषध त्यावर ठरतं. सिल्डेनाफिलची (म्हणजे व्हायग्राची) गोळी रक्तप्रवाहाला मदत करते, इच्छा निर्माण करत नाही. (छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्याने तर ती घ्यायचीच नाही.) गोळीने भागलं नाही तर पंप आहे, लिंगात घ्यायचं वेगळं इंजेक्शन आहे, इम्प्लांट आहे. यातलं काय, हे डॉक्टर ठरवतील. पण ‘ते’चा विषय कुणीतरी काढला तर.

मित्राचा दुसरा शब्द मला जास्त लागला. बाहेर चहाच्या टपरीवर तो म्हणाला, “मी कामातून गेलो बावा.” ‘कामातून जाणे’ म्हणजे निकामी होणे. यातलं काम हे ‘कर्म’वरून प्राकृत ‘कम्म’ होत आलेलं, शेतातलं, ऑफिसातलं. मदनाचा जो ‘काम’, तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला दुसराच शब्द. मराठीत दोघांचं रूप एक झालं, आणि पुरुष त्यातच फसतो: एक काम अडलं की तो स्वतःला सगळ्याच कामांतून गेलेला समजतो. मी त्याला ही व्युत्पत्ती तिथेच ऐकवली. त्याने चहाचा कट माझ्या हातात दिला नि म्हणाला, “चहा पी.”

ताई, कागदावरचं वाक्य मी असं केलं असतं: “ऑपरेशननंतर बऱ्याचदा काही काळ, काहींना कायम, लिंगाला ताठरता येत नाही किंवा कमी येते, त्यावर उपाय आहेत, विचारा.” लांब आहे, पण कुणाचं नाव बदलत नाही. नुसतं ‘ताठरता’ चालेल, ‘ताठा’ नको; ‘ताठा गेला’ म्हटलं की मराठीत गर्व उतरतो.

घरासाठी मात्र ‘ताठरता’ नको, तो दवाखान्याचा शब्द. ‘संबंध’ही नको, त्यात सगळं एकाच क्रियेवर येऊन थांबतं. ‘जवळ येणे’ म्हणा. त्याला वेळ, अवयव, निकाल काही लागत नाही. ‘जवळ या’ हे वाक्य आज्ञार्थी असलं तरी व्याकरणात विनंतीसाठीही चालतं.