गड, किल्ला, दुर्ग... नेमकं म्हणायचं काय?

प्रश्न : इंग्रजीत फोर्ट आणि फोर्ट्रेस असे दोन शब्द कशाला? आणि आपल्या पन्हाळ्याला कुणी गड म्हणतंय, कुणी किल्ला, पुस्तकात दुर्ग. बरोबर काय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तिन्ही बरोबर, फक्त प्रत्येकाचं घराणं वेगळं आहे. फोर्ट्रेसचं मूळ लॅटिन फोर्टिस, म्हणजे मजबूत, तिथनं ते जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं. फोर्ट म्हटलं की तटबंदीचं लहानमोठं कुठलंही ठाणं चालतं, फोर्ट्रेस म्हणजे मोठा पसारा, शिबंदी तर आहेच शिवाय आत वस्ती, दाणागोटा, पाणी. त्या हिशेबानं पन्हाळा फोर्ट्रेसच झाला की. अंबरखान्यातली गंगा कोठी नीट बघा, बाहेरनं वर जायला जिने आहेत आणि वर छताला चौकोनी भोकं, धान्य वरनं थेट आत ओतायचं. उगाच नाही १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चारेक महिने पडला तरी गड तगून राहिला.

आता किल्ला. हा मूळचा अरबी, फारसीवाटे आपल्याकडं आला आणि इतका रुळला की दिवाळीत पोरं मातीचा किल्लाच करतात, दुर्ग केला असं कुठलं पोरगं सांगत नाही. तोच अरबी शब्द अल जोडून स्पेनमध्ये गेला, तिथं आल्काला नावाची गावं आहेत ती त्यातलीच. दुर्ग मात्र संस्कृत, जिथं जाणं अवघड ते, दुर्गम शब्द पण त्याच घरातला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला त्यात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेत. पुढं बावड्याच्या रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात लिहिलं, ‘संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग’.

गड बहुतेक डोंगरावरचा, भूदरगड, सामानगड, पारगड अशी नावं आपल्याच जिल्ह्यात आहेत. कोट म्हणजे तट, सपाटीवर असला की भुईकोट. पण हे नियम फार ताणू नका, नळदुर्ग कुठं डोंगरावर आहे?

खरी गंमत बालेकिल्ल्याची. निवडणूक आली की पेपरात रोज कुणाचा ना कुणाचा बालेकिल्ला ढासळतोय, आणि बऱ्याच जणांना वाटतं बाले म्हणजे बाल, लहान किल्ला. तसं नाही. फारसीत बाला म्हणजे वरचा, उंच. गडाचा सगळ्यात वरचा, शेवटपर्यंत लढवायचा भाग तो बालेकिल्ला, म्हणजे बाकी गड पडला तरी हा पडायला नको. राजगडाचा बालेकिल्ला एकदा चढून बघा, बाले म्हणजे लहान असं परत कुणी म्हणणार नाही.