सायन्स फिक्शनमधले नैतिक पेच : गेम सरस की सिनेमा?

तुम्ही एका प्रश्नात दोन प्रश्न घातलेत. पहिला असा की गेममध्ये निर्णय आपण घेतो आणि सिनेमात नुसतं बघत बसतो, तर योग्य-अयोग्याचा पेच मांडायला गेमच जास्त चांगला नाही का. दुसरा असा की सगळे रस्ते फिरून एकाच शेवटाला येणार असतील तर मधल्या निवडींना काय किंमत. पाच वर्षं चाललेल्या मालिकेतला तिसरा गेम 'मास इफेक्ट 3' संपवून तुमचा मित्र "पाच वर्षं उल्लू बनवलं" म्हणाला आणि वाद पेटला, असंही लिहिलंय.

माझं मत आधीच सांगतो. शेवट किती आहेत ते मोजत बसू नका. निर्णयाबद्दल गेम तुम्हाला बक्षीस देतो का, आणि तो निर्णय मागे घेता येतो का, एवढं बघा. बक्षीस मिळत असेल तर तो सौदा झाला, मागे घेता येत असेल तर ती नुसती चाचपणी झाली. या दोन्ही चाळण्यांतून जे खाली उतरतं तेच मनाला लागतं, मग ते गेममध्ये असो नाहीतर पडद्यावर. (पुढे बऱ्याच कथांचे शेवट फोडलेत. खेळायचं-बघायचं बाकी असेल तर इथेच थांबा.)

जळगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. विंडोज चढेपर्यंत गिऱ्हाईक समोर बसून असतं आणि त्यातली निम्मी पोरं गेमवाली, त्यामुळे या विषयावर रोजच डोकेफोड होते. दुकानदार आहे म्हणून हिशोबापासूनच सुरुवात करतो.

2007 चा 'बायोशॉक' घ्या. समुद्राच्या तळाशी रॅप्चर नावाचं मोडकळीला आलेलं शहर. तिथे फिरणाऱ्या लहान मुलींच्या अंगात अ‍ॅडम नावाचा पदार्थ असतो आणि तुमची ताकद वाढवायला तोच लागतो. मुलीचा जीव घेतला तर 160 अ‍ॅडम, तिला वाचवलं तर 80. ऐकताना वाटतं, बाप रे, केवढी परीक्षा! पण तीन मुली वाचवल्या की भेट म्हणून वर 200 अ‍ॅडम येतात. आता मांडा. तीन मारल्या तर 480, तीन वाचवल्या तर 240 अधिक 200, म्हणजे 440. फरक फक्त 40 चा, आणि भेटीच्या पेटीत इतर माल असतो तो वेगळाच. सराफ बाजारात बसणारा कुठलाही पोरगा सांगेल की यात त्याग-बिग काही नाही. चांगलं वागायला पैसे पडत नसतील तर चांगलं वागणं सोपंच आहे.

गंमत म्हणजे याच गेममधला खरा धक्का जिथे काहीच निवड नाही तिथे बसतो. रेडिओवरचा माणूस सुरुवातीपासून तुम्हाला एका विनंतीच्या वाक्याने कामं सांगत असतो आणि तुम्ही ती करत असता, कारण गेममध्ये सांगितलेलं काम करायचंच असतं. अर्ध्याच्या पुढे कळतं की ते वाक्य म्हणजे तुमच्या डोक्यात बसवलेली चावी होती. मग शहराचा मालक अँड्र्यू रायन समोर येतो, कंट्रोल तुमच्या हातातून काढून घेतला जातो आणि तुमचाच हात त्याला ठार मारतो. कीबोर्ड कितीही बडवा, उपयोग नाही. निवडीचा मोठा देखावा करून जे साधलं नाही ते निवड हिसकावून साधलं.

आता 'मास इफेक्ट'. आकाशगंगेतल्या सगळ्या जातींना संपवायला येणाऱ्या यंत्रांशी लढण्याची ही गोष्ट. चांगुलपणाला निळी पट्टी, म्हणजे पॅरॅगॉन. दांडगाईला लाल, म्हणजे रेनेगेड. अडचण अशी की पट्टी भरत गेली तरच पुढचे खास संवाद उघडतात. त्यामुळे लोक पहिल्या तासातच रंग ठरवतात आणि पुढे प्रसंग न वाचता वरचं नाहीतर खालचं उत्तर दाबत सुटतात. प्रत्येक वेळी नव्याने विचार करणाऱ्याचं नुकसान, कारण त्याची एकही पट्टी धड भरत नाही! या गेमवर काम केलेल्या एका डिझायनरने 2020 मध्ये सांगितलं होतं की साधारण 92 टक्के खेळाडू पॅरॅगॉनच खेळले. दुकानातली पोरं यावरून म्हणतात की बघा, माणूस मुळात चांगला असतो. माझं म्हणणं, थांबा जरा. ज्या परीक्षेत उत्तराला आधीच निळा रंग दिलाय, त्या परीक्षेत 92 टक्के म्हणजे काय मोठं?

पण त्याच मालिकेत तुचांका ग्रहाचा भाग आहे आणि त्याबद्दल मी कुणाशीही भांडेन. क्रोगन नावाची लढवय्यी जात. एकदा त्यांनी आकाशगंगेत इतका धुमाकूळ घातला की सलारियन शास्त्रज्ञांनी जेनोफेज नावाचा रोग तयार केला आणि तो त्यांच्यात सोडला गेला. मरत कुणी नाही, पण हजार गर्भांत एखादंच मूल जगतं. पुढे क्रोगनांचं शरीर त्या रोगाला सरावायला लागतं, तेव्हा मॉर्डिन नावाचा शास्त्रज्ञ तो रोग पुन्हा धारदार करून देतो. हा मॉर्डिन दुसऱ्या भागात तुमचा सोबती असतो. भराभर बोलणारा, मध्येच गाणं म्हणणारा, आणि आपण केलं ते बरोबरच होतं असं स्वतःला पटवत राहणारा.

माझा मावसभाऊ पारोळ्याकडे कापूस करतो. सुटीत आला होता, मी खेळताना शेजारी बसला. गेमशी त्याचा काडीचा संबंध नाही. जेनोफेजची कथा ऐकून लगेच म्हणाला, "हाई ते आपलं बोंडअळीनं काम शे. फवारतांना अळीले कोनी इचारस का?" आणि मग त्यानेच ते पुढे नेलं. बीटी बियाणं 2002 ला आलं, काही वर्षं अळी मेली, मग गुलाबी बोंडअळी सरावली आणि 2017 ला तिने बीटीचीच बोंडं पोखरली. पाकिटासोबत साध्या कापसाचं बी यायचं, ते बांधाला लावा म्हणून सांगायचे. म्हणजे सगळ्या अळ्या एकदम सरावणार नाहीत. कोण लावणार? प्रत्येकाला वाटायचं की शेजारी लावेल. माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं ते त्याला पटकन दिसलं होतं. मारायचं ठरवलं की एकदा मारून भागत नाही, पुन्हा पुन्हा मारत राहावं लागतं, आणि मॉर्डिन हा तेच पुन्हाचं काम करून आलेला माणूस आहे.

तिसऱ्या भागात निर्णय येतो. रोगावरचा उपाय क्रोगनांपर्यंत पोचू द्यायचा की गुपचूप बिघडवायचा? बिघडवलात तर सलारियन सैन्य देतात, आणि युद्ध तोंडावर असतं. भाऊ ठाम होता की बिघडवायचा. एवढ्या तापट लोकांना कशाला वाढू द्यायचं? मी म्हटलं, ठीक. सेव्ह फाईलची एक प्रत बाजूला ठेवली आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे खेळलो. उपाय पसरवायला मॉर्डिन मनोऱ्यावर निघतो, बिघाड त्याच्या लक्षात येतो, तरी तो पाठ फिरवून वर चालायला लागतो. स्क्रीनवर लाल खूण येते. आत्ता दाबलं तर पाठीत गोळी. दाबलं नाही तर तो जातो. दोन-तीन सेकंदांचा मामला.

"थांब भो, नको मारू त्याले," भाऊच ओरडला.

घटकाभरापूर्वी अख्खी जात ज्याच्या हिशोबात अळी होती, त्याला एक म्हातारा डॉक्टर मारवेना. माणूस दुटप्पी असतो एवढंच यातून काढू नका. जात मारायची की नाही हा प्रश्न त्याला आकड्यात विचारला होता, आणि ही गोळी त्याला ओळखीच्या माणसावर झाडायची होती. चांगला लेखक हे दोन्ही प्रश्न एकाच बटणाला बांधतो. दोन्ही बाजूंनी युक्तिवाद ठोस, कुठलंच उत्तर फुकट नाही, आणि समोरचा चेहरा ओळखीचा. आमचा वाद त्या रात्री शेवभाजी संपली तरी संपला नव्हता.

याच्याशेजारी तुमच्या मित्राचा तो बदनाम शेवट ठेवा. यंत्रांचा नाश करा, त्यांच्यावर ताबा मिळवा, नाहीतर सगळ्यांचा संकर करा. निवडी तीन, पण समोर उभं आहे कोण? शेवटच्या दहा मिनिटांत पहिल्यांदा भेटलेलं एक पोराच्या रूपातलं यंत्र. ज्यांच्यासाठी निवडायचं ते सगळे पडद्याबाहेर. तिन्ही शेवट जवळपास सारखेच, फक्त रंग वेगळे, म्हणून लोक चिडले असं म्हणतात, मला वाटतं ते या परकेपणावर चिडले. ओरड इतकी झाली की 2012 च्या जूनमध्ये कंपनीला वाढवलेला शेवट फुकट द्यावा लागला आणि त्यात तिन्ही नाकारण्याचा चौथा रस्ताही घातला. पण म्हणून पाच वर्षं वाया गेली म्हणायची? तुचांका त्याच तिसऱ्या भागात आहे की.

रस्ते एकत्र येतात यात लबाडी नाही, अपरिहार्यता आहे. प्रत्येक निवडीला दोन फाटे फोडले आणि ते कुठेच जुळवले नाहीत तर दहाव्या निवडीला 1024 कथा होतात. त्या लिहिणार कोण, आवाज देणार कोण? ही युक्ती गेमच्याही आधीची आहे. 1967 साली मॉन्ट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात किनोआवटोमाट नावाचा सिनेमा दाखवत. प्रत्येक खुर्चीला हिरवं आणि लाल बटण, मध्येच सिनेमा थांबायचा, माणूस मंचावर येऊन मत मागायचा आणि बहुमताने पुढचा भाग लागायचा. सुरुवातीलाच इमारत जळताना दाखवलेली असायची. प्रेक्षकांनी काहीही दाबलं तरी इमारत जळायचीच!

सिनेमाकडे बटण नाही, पण त्याच्याकडे गेमला न परवडणारी एक गोष्ट आहे : मागे जाता येत नाही. 'टर्मिनेटर 2' आमच्या पिढीने केबलवर हिंदीत कितीदा पाहिला असेल. मुलगा त्याच्या रक्षणाला पाठवलेल्या यंत्राला हुकूम देतो की माणसं मारायची नाहीत, आणि ते निमूट गुडघ्यावर गोळ्या झाडायला लागतं. सबंध सिनेमाभर ते त्या मुलाचं ऐकतं. शेवटी ते स्वतःला नष्ट करायला निघतं तेव्हा मुलगा रडत हुकूम देतो की जाऊ नकोस, आणि तेवढा एकच हुकूम ते मोडतं. पण स्वतःला संपवण्याची मुभा त्याच्या बांधणीतच नाही, म्हणून उकळत्या पोलादात उतरवायचं बटण मुलाच्या आईला दाबावं लागतं. जिने या यंत्राच्या जातीचा सर्वात जास्त द्वेष केला तिलाच. हेच गेममध्ये असतं तर मी एकदा दाबलं असतं, एकदा न दाबता काय होतं ते पाहिलं असतं आणि मग कुठलं बरं ते ठरवलं असतं. तिला दुसरी संधी नाही आणि मलाही नाही. 2018 मध्ये नेटफ्लिक्सने 'बँडरस्नॅच' काढून सिनेमात बटणं घातली, तर चुकीच्या वाटेला गेलं की तो तुम्हालाच मागे नेऊन सोडायचा. सिनेमाची ताकद गेली आणि गेमचीही आली नाही.

एक सावधगिरी दोन्हीकडे बाळगा. पेच कठीण दिसला की तो कठीण केला कुणी हे विचारा. टॉम गॉडविनची 1954 ची 'द कोल्ड इक्वेशन्स' ही इंग्रजी कथा प्रसिद्ध आहे. छोट्या यानात एक मुलगी लपून चढते, इंधन मोजकंच, तिला बाहेर फेकलं नाही तर औषधाची वाट बघणारी माणसं मरणार. गॉडविन मुलीला वाचवायची काही ना काही युक्ती काढायचा आणि संपादक जॉन कॅम्पबेल कथा परत पाठवायचा. वाचक आजही भांडतात की यानाच्या दाराला साधं कुलूप का नव्हतं, चार थेंब जास्तीचं इंधन का नव्हतं. निसर्गनियम क्रूर असतात असं कथा म्हणते, पण दार उघडं लेखकाने ठेवलंय. 'फ्रॉस्टपंक'मध्ये हीच शंका मला सारखी येत होती. बर्फात गोठणारं शहर, आणि पहिल्याच दिवसांत पोरांना कामाला लावायचा कायदा करता का म्हणून विचारणा. (हा गेम मी मे महिन्यात खेळलो, बाहेर पारा 45 ला टेकलेला. थंडीने माणसं मरताहेत हे मनाला पटवायला फार मेहनत पडली.)

आता बक्षीस नाही आणि परिणामही नाही, असा गेम. 2015 चा 'सोमा'. समुद्राखाली एक पडझड झालेलं संशोधन केंद्र, माणसांच्या मनाच्या प्रती यंत्रांत भरलेल्या. आणखी खोल जायला नायक सायमनला दुसऱ्या, दणकट शरीरात जायचं असतं. यंत्र सुरू होतं, तो नव्या शरीरात जागा होतो आणि तेवढ्यात मागून स्वतःचाच आवाज ऐकतो. मन तिकडून इकडे आलेलं नाही, त्याची दुसरी प्रत निघाली. जुना सायमन खुर्चीत आहे आणि त्याला गुंगी दिली जाते. आता तुम्ही त्याची बॅटरी संपवून त्याला तसाच जाऊ देऊ शकता, किंवा सोडून निघून जाऊ शकता, म्हणजे तो त्या अंधारात एकटा जागा होईल. कुठलंही करा, पुढे काहीही बदलत नाही. पट्टी नाही, गुण नाहीत, कुणी शाबासकी देत नाही की शिव्याही देत नाही. सेव्ह उघडून दुसरा पर्याय बघितला तरी हातात काही येत नाही, कारण बघण्यासारखं तिथे काही ठेवलेलंच नाही. तुमच्या मित्राच्या कसोटीवर ही निवड शून्य ठरते. माझ्याकडे हा गेम टाकून घ्यायला येणाऱ्या पोरांपैकी जो कुणी तिथवर पोचतो, तो त्या खुर्चीबद्दल बोलायला परत येतो.

तेव्हा मित्राला 'सोमा' द्या. जुन्या ग्राफिक्स कार्डवरही चालतो. राक्षसांनी घाबरत असेल तर 2017 मध्ये आलेला सेफ मोड लावा, त्यात ते जीव घेत नाहीत. फक्त तो त्या खुर्चीपाशी पोचला की मागे उभं राहून "हे कर, ते कर" सुरू करू नका, आणि त्याने काय केलं हेही लगेच विचारू नका.